हवाबंद काचघर

३१ ऑगस्ट, शनिवार

आजवर स्वतःच्या हातांनी केलेलं: स्वयंपाकघरातली खिडकीखालची फळी. न्हाणीघराचं दार (दोनदा. पहिलं फुगलं, तो लाकडाचा दोष). लेकीचा पाळणा. जिन्याचा कठडा. हिच्या शिलाई मशीनचा मोडलेला पाय, मूळ पायापेक्षा भक्कम. बागेतला पाण्याचा पंप, जुन्या पंख्याच्या मोटारीवर चालणारा. सायकलचं ट्रेलर. आणि पोटापाण्याचं काम, लिफ्टदुरुस्तीचं, तेही कुठल्या शाळेत न जाता, दुसऱ्यांच्या खांद्यावरून बघून बघून शिकलेलं.

हे एवढं लिहायचं कारण — आज ही म्हणाली, “काचघर तुम्हाला जमायचं नाही.”

झालं असं. लेकीचा फोन आला. तिच्या समोरचा फ्लॅट जानेवारीअखेर रिकामा होतोय. “या दोघं, कशाला तिकडे एवढं घर आणि बाग ओढत बसलाय?” ही लगेच म्हणाली, येऊ. मला विचारलंसुद्धा नाही! मी म्हणालो, आणि बाग? ही म्हणाली, “बाग म्हणजे वाकणं. वाकलं की माझ्याच्यानं उठवत नाही. आणि थंडीचे चार महिने वाफे रिकामे. त्यांच्याकडे बघत बसायला राहायचं का?”

या बागेत हिने आजवर खताची विकतची पिशवी येऊ दिलेली नाही, औषधाची बाटली येऊ दिलेली नाही. सगळं तिच्या खड्ड्यातल्या कुजलेल्या पाल्यावर. ती बाग ती सोडायला निघाली! तोंडातून निघून गेलं, “मी काचघर बांधतो. थंडीतही पिकेल.”

आधी हसली. मग म्हणाली, “बरं. जानेवारी संपायच्या आत माझ्या बियांची, बिनऔषधाची एक काकडी माझ्या ताटात पडली, तर राहू. नाहीतर फ्लॅट.”

“एकच?”

“एकच. वाकडी चालेल. कडू नको.”

एक काकडी! मी अकरा मजल्यांची लिफ्ट एकट्याने चालू केलेला माणूस आहे.

१ सप्टेंबर, रविवार

खिडक्या मिळाल्या! जुनी शाळा पाडतायत, भंगारवाल्याने सगळ्या चौकटी एका भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. सागवान नाही, पण चिवट लाकूड. काचा बहुतेक शाबूत. तीन फेऱ्यांत ट्रेलरवरून घरी आणल्या. एका चौकटीवर कुणीतरी कर्कटकाने कोरलंय — ‘गणित नको’. ती दाराशेजारी लावणार.

शेजारचे दातांचे डॉक्टर भिंतीवरून डोकावले. “काय, मत्स्यालय का? मासे कधी सोडताय?”

म्हटलं, तुम्हीच या पोहायला.

८ सप्टेंबर, रविवार

चौदा फूट बाय आठ. पायथ्याला विटांचे चार थर, वर खिडक्या. छताचा उतार दक्षिणेकडे — हिवाळ्यातला सूर्य खाली असतो, त्याचं ऊन काचेवर सरळ पडायला हवं. हे मी स्वतः काढलं. काठी रोवून, सावली मोजून. बागकामाच्या पुस्तकातही तेच निघालं. पुस्तकवाल्याने माझ्याकडून उचललं असावं.

हिची घेवड्याची एक ओळ काचघराखाली गेली. हिने फक्त शेंगा तोडून घेतल्या आणि वेल मुळासकट माझ्या हातात दिला. मी तो तिच्या खताच्या खड्ड्यात नेऊन टाकला.

१५ सप्टेंबर, रविवार

उभं राहिलं!!

चारही भिंती, छत, दार. सगळ्या फटींत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. दाराला आणि सांध्यांना रबराची पट्टी — लिफ्टच्या दाराची, जुनी झाली म्हणून फेकायला काढलेली, पण अजून दहा वर्षं जाईल अशी. मग खरी परीक्षा. मेणबत्ती पेटवली आणि आतून चारी बाजूंनी, कानाकोपऱ्यांतून फिरवली. ज्योत हलली नाही. जरासुद्धा नाही! हिला बोलावून दाखवलं.

“डबा केलात हो,” ही म्हणाली.

“हवाबंद!”

भिंतीपलीकडून डॉक्टर: “मग बिस्किटं ठेवा. मऊ नाही पडायची.”

जळतात लोक.

२२ सप्टेंबर, रविवार

वाफे जमिनीवर करायचे नाहीत, पायांवर उभे करायचे, असं ठरवलंय. हिला कारण सांगितलं की त्यामुळे ऊन नीट मिळतं. ऊन मिळतंच. खोटं नाही.

फळ्या ठोकल्या, पाय लावले, ओळंबा बघितला. एक केसभर तिरपं नाही. मग हिला म्हटलं, उभी राहून बघ. उभी राहिली तर वाफ्याची कड हिच्या छातीला! दुकानाच्या काउंटरला टाचा उंच करून गोळ्या मागणाऱ्या पोरीसारखी दिसत होती. उंची मी माझ्या कोपराने घेतली होती! इतकी वर्षं शेजारी उभा राहतो आणि बायको केवढी हे माहीत नाही.

संध्याकाळी ही भांडी घासत होती तेव्हा हळूच मागून टेप लावला.

“काय मोजताय?”

“कोपर.”

“कशाला? कोपरापासून नमस्कार करायचाय का मला?”

करायला हवा, खरं तर. आठही पाय कापले. आता कड बरोबर तिच्या कोपराखाली चार बोटं.

२९ सप्टेंबर, रविवार

हिने तिच्या खड्ड्यातलं खत दिलं. बादलीने, आणि प्रत्येक बादलीला माझ्याकडे असं बघून, की जणू दागिने गहाण ठेवतेय. काकडी, टोमॅटो, कोशिंबिरीची पानं. बिया तिच्याच, खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत जपलेल्या. पेरलं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

उगवली!

५ ऑक्टोबर, शनिवार

काकडीचं रोप मातीतून येतं तेव्हा मान खाली घालून येतं आणि मग अचानक डोकं उचलतं. मी समोर स्टुलावर बसून होतो तेव्हाच एकाने उचललं. कामावर उशीर झाला. सोसायटीच्या सेक्रेटरीने विचारलं, “लिफ्ट दोन तास बंद, तुम्ही होतात कुठे?” सांगितलं, घरी जन्म झाला. त्याने अभिनंदन केलं.

२० ऑक्टोबर, रविवार

दुपारी बाहेर सतरा अंश, आत चौतीस! दोन्ही आकडे लेकीला फोन करून सांगितले.

“बाबा, मी कामात आहे.”

“दुप्पट आहे, अगं. बरोबर दुप्पट!”

“आईला दे.”

मग दोघी पडद्यांबद्दल बोलल्या. फ्लॅटच्या पडद्यांबद्दल. मी आत जाऊन बसलो, चौतीस अंशांत. घाम आला पण बरं वाटलं.

३ नोव्हेंबर, रविवार

वेल छताला टेकला. पहिली फुलं, पिवळीधमक. आणि त्याच शेंड्यांवर मावा! हिरवे, चिकट, एकावर एक बसलेले. खताबरोबरच कुठूनतरी आले असणार.

दुकानात गेलो. औषधाची बाटली हातात घेतली. मागचं बारीक अक्षर सगळं वाचलं. दुकानदार म्हणाला, एका फवाऱ्यात साफ. परत फळीवर ठेवली. घरी आलो तर ही दारातच.

“बाटली घ्यायला गेला होतात.”

“कोण म्हणालं?”

“चेहरा. बाटली फाटकातून आत आली तर मी त्याच फाटकातून बाहेर. जानेवारीची वाट बघायची नाही.”

मग तिने काय केलं — बाहेरच्या घेवड्यावरून ठिपक्यांचे लाल किडे वेचले, काडेपेटीत भरले आणि आत आणून शेंड्यांवर सोडले. ते लगेच जेवायला बसले! मावा त्यांचं पक्वान्न. मी भिंग घेऊन बघत राहिलो. असा कारागीर मी कामावर ठेवला असता.

ही म्हणाली, “बाहेर मावा टिकतच नाही. हे येतात आणि खातात. तुमच्याकडे यायला वाट कुठंय?”

वाट नाहीच! मुंगी शिरली तर नाव बदलीन.

१० नोव्हेंबर, रविवार

काकड्या लागल्या! फुलामागे चिमुकल्या, करंगळीच्या पेराएवढ्या, अंगावर लव. मोजल्या. आकडा लिहीत नाही, दृष्ट लागेल. (असलं काही मी मानत नाही.)

हिला दाखवल्या. तिने बघितल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “हं.”

१३ नोव्हेंबर, बुधवार

एक पिवळी पडून गळली. एखादी गळणारच.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आणखी चार.

१६ नोव्हेंबर, शनिवार

सगळ्या गळतायत. पाणी कमी करून बघितलं. वाढवून बघितलं. खताचं पाणी पाजलं. दुपारी चादर बांधून सावली केली. पुस्तकात कारणं दिलीत ती एकेक करून तपासली — अंश बरोबर, माती बरोबर, ओल बरोबर. यंत्र सगळं ठीक आणि लिफ्ट जागची हलत नाही, असा प्रकार. असं झालं की मी नेहमी म्हणतो, चूक साधी आहे आणि डोळ्यांसमोर आहे. पण ते दुसऱ्यांच्या लिफ्टला.

डॉक्टरांनी भिंतीवरून निदान केलं, “मुळं किडली असतील. काढून टाका.” त्यांना दुसरं येतं काय!

१७ नोव्हेंबर, रविवार

लेकीचा फोन. फ्लॅटच्या भिंतींना रंग कुठला. ही म्हणाली, आकाशी.

२० नोव्हेंबर, बुधवार

सकाळी कामावर जायच्या आधी काचघरात गेलो तर ही आत. माझा बारीक ब्रश हातात — चौकटींच्या कडा रंगवायला आणलेला. एका फुलात हळूच फिरवला, मग दुसऱ्या फुलात. शेजारी उभं राहून विचारलं, हे काय?

“लग्न लावतेय.”

मला वाटलं थट्टा. तर तिने एक फूल तोडून हातावर ठेवलं. “हा नर. मागे देठ नुसता. आणि ही मादी, हिच्यामागे ती छोटी काकडी बघा. याची धूळ हिच्यापर्यंत पोचल्याशिवाय काकडी धरत नाही. गळते. बाहेर हे काम माशी करते. तुम्ही माशीला दार ठेवलंत कुठे?”

मेणबत्तीची ज्योत! ती न हललेली ज्योत डोळ्यांपुढे आली. फट म्हणून फट बुजवली, वर हिला बोलावून दाखवली. अति तिथे माती म्हणतात, इथे माती उत्तम होती, बाकी सगळं अति.

“तुला कधी कळलं?”

“पहिली गळली तेव्हा.”

“आणि बोलली नाहीस!”

“का बोलू? तुम्ही हरलात की माझं काम होत होतं. रंगसुद्धा सांगून झाला.”

खरं होतं. मला रागावताही येईना. विचारलं, मग आज का?

ती पुढच्या फुलाकडे वळली. “काल सकाळी सहज आत आले. या वाफ्यांपाशी उभी राहिले, दोन-चार पानं खुडली, थोडं तण काढलं. बाहेर आले तेव्हा लक्षात आलं, एकदाही वाकले नाही.” मग लगेच, “हुरळून जाऊ नका. काही ठरलेलं नाही. कडू निघाली तर फ्लॅट.”

मी हुरळलो नाही. फक्त कामावर जाताना आमच्या फाटकाऐवजी डॉक्टरांच्या फाटकातून बाहेर पडलो.

२४ नोव्हेंबर, रविवार

माझी लांबी मीच खरवडली. रबर मीच कापलं. हात जड झाला, पण केलं. मग म्हटलं, उघडायचंच तर माझ्या पद्धतीने! छताच्या सहा तावदानांना बिजागऱ्या बसवल्या, एकाच दांड्याला जोडली, कप्पीवरून दोरी, आणि टोकाला काउंटरवेट. लिफ्ट वर जाते तेव्हा पलीकडे वजन खाली जातं, म्हणून एवढा मोठा पिंजरा छोट्या मोटारीने उचलला जातो. तेच इथे. वाळूने भरलेला डबा, वजन तोळामासा जुळवून.

हिला म्हटलं, दोन बोटांनी ओढ.

दोन बोटांनी ओढलं आणि सबंध छत पंखासारखं उघडलं! तिने बंद केलं. परत उघडलं. परत बंद. चार-पाच वेळा केलंन! मी मोजत नसल्यासारखं दाखवलं.

“बरं आहे,” म्हणाली.

दोरीच्या मुठीला रात्री माझा जुना चामडी हातमोजा कापून शिवून टाकला. तिचा हात नाजूक आहे.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी ऊन पडलं आणि वरून एक मधमाशी आत उतरली! मी सुट्टी टाकून घरीच होतो (घशाचं कारण दिलंय). ओरडत स्वयंपाकघरात गेलो. ही हात पुसत आली, वर बघितलं.

“आली का पाहुणी. बाजूला व्हा, तिला काम करू द्या.”

दोघं दारात उभे राहून बघत होतो. डॉक्टर भिंतीवर होतेच. या वेळी टोपी काढली.

८ डिसेंबर, रविवार

धरल्या आहेत. हिरव्या, टणक. मोठी आहे ती बोटाच्या पुढे गेलीय. रोज टेप लावतो.

“मोजून मोजून लाजेल ती,” ही म्हणते. पण संध्याकाळी आधी तीच विचारते, “आज किती?”

२२ डिसेंबर, रविवार

बाहेर चार अंश. वाफे रिकामे, काळे, वर पांढरं दव. आणि ताटात काकडी!

मीच तोडली, मीच धुतली, कापायला तिच्याकडे दिली. किंचित वाकडी होती. वाकडी चालेल असा करार आहे. तिने एक चकती तोंडात टाकली आणि डोळे मिटले. मला आठवतं, लिफ्टची तपासणी करायला सरकारी माणूस आला होता, त्याने बटण दाबलं, दार बंद झालं आणि मी खाली उभा होतो. तसंच.

“कडू?”

“गप्प बसा.”

दुसरी चकती. तिसरी. मग म्हणाली, “मीठ.”

मी मीठ दिलं. सबंध काकडी संपली! मला देठाकडचा तुकडा मिळाला. असली काकडी मी जन्मात खाल्ली नाही. जेवणानंतर मी बागेत एकटाच तीन वेळा इकडून तिकडे चाललो, कारण घरात मावत नव्हतो.

पण राहायचं की जायचं, याबद्दल ही अक्षर बोलली नाही.

२९ डिसेंबर, रविवार

आठवडाभर थांबलो. ताटात आता रोज काकडी असते, शब्द नसतो. करार मी जिंकलोय. लिहून नाही, पण शब्द म्हणजे शब्द, ही तो मोडणार नाही. आणि तेच टोचतंय. काकडीसाठी नाइलाजाने राहिलेली बायको घेऊन मी करू काय? ती तिकडे आकाशी भिंती आठवत बसणार, मी इथे अंश मोजत.

म्हणून आज काचघरातच विचारलं, “काकडी राहू दे. करार गेला चुलीत. तुला काय हवंय ते सांग. जायचं असेल तर जाऊ. तिकडे गच्ची असेल, मी काहीतरी बांधीन.”

तिने दोन पिकली पानं खुडली. मग म्हणाली, “आधी ते वर उघडा. उकडतंय.”

उघडलं. उत्तर मिळालं नाही.

५ जानेवारी, रविवार

काचघरात माझ्या हत्यारांची फळी होती. होती! आज गेलो तर तिथे खोकल्याच्या बाटल्या, बियांनी भरलेल्या, ओळीने. हत्यारं खाली खोक्यात. माझं स्टूल बाहेर, त्या जागी तिची वेताची खुर्ची, खुर्चीवर उशी. खिडकीत रेडिओ. ‘गणित नको’च्या चौकटीत तिचा चष्मा. माझी टोमॅटोची नवी रोपं दाराबाहेर थंडीत!

“अगं, हे काय?”

“तिथे ठेवली तर माझा पाय अडकतो.”

“हे काचघर मी बांधलंय!”

“मग? सुंदर बांधलंत. दार लावून घ्या, वारा येतोय.”

रोपं स्वयंपाकघरात, खिडकीखालच्या फळीवर ठेवली. फळी मीच केलेली, ते बरं.

१२ जानेवारी, रविवार

आज हिने लेकीला फोन लावला, काचघरातूनच. “येईन गं, पण पाहुणी म्हणून. आठ दिवस. त्याच्यावर राहिले तर इथलं सगळं वाळेल. तो फ्लॅट दुसऱ्या कुणाला देऊ दे.” पलीकडून लेक काहीतरी म्हणाली. “नाही, बाबांच्या भरवशावर नाही टाकणार. सगळं बंद करून बसतील.”

फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. “काचघर विकता का मला? सरळ व्यवहार.”

मी नाही म्हणालो. अर्धं तिचं आधीच आहे, आणि कुठलं अर्धं ते मला आता सांगता येत नाही.

तिने देऊ केलेली किंमत: शंभराची एक नोट, चार घड्या घातलेली, आणि जन्मभर सकाळचा चहा.